तुमच्या मुलीच्या भट्टीवरून

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? व्याह्यांचा खोकला थांबला असेल. इकडे मी एक सोडून सगळे धडधाकट आहेत, आणि मी नाही त्याला कारण तुमची मुलगी, म्हणून हे पत्र. (आपलं नातं नाजूक, हे मी जाणते. पण मुलगी तुम्ही वाढवलीत, तेव्हा तक्रारही तुमच्याकडेच यायची.)

झालं असं, की तीन महिन्यांपूर्वी जेवताना मी सहज म्हणाले, सुऱ्या करायच्या त्यात काय एवढं, लोखंडच तर घासायचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला धारेबद्दल बोलायचा एवढा अधिकार असावा. तुमच्या मुलीने भांडण काढलं असतं तर मी समजू शकले असते. ती शांतपणे म्हणाली, "मग उद्यापासून या की, आई." तुमचे जावई ताटात बघत राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या शेडमध्ये तिने माझ्या हाती पोलादाची एक पट्टी आणि कानस दिली. ती पट्टी मी अठरा दिवस घासली. कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची, हे मला दिवसातून वीसदा ऐकवलं गेलं, आणि तेही 'आई, आई' करत. (परका माणूस चुका काढतो तेव्हा निदान उलट बोलता येतं.) खांदे भरून आले, नखांत काळं बसलं, आणि पाहुणे आले की हात टेबलाखाली ठेव, असं आमच्या ह्यांनी मला सुचवलं. ज्यांनी जन्मात स्वतःची पेन्सिल तासली नाही, त्यांनी.

मग पातं तापवून एकदम निववायचा दिवस आला. त्याने ते कडक होतं. याला म्हणतात पाणी देणं, आणि देतात तेल. (खऱ्याची दुनिया राहिली नाही.) तुमच्या मुलीने बजावलं होतं, की आत्ता कड नाण्याएवढी जाड राहू द्या, धार अगदी शेवटी. आता सुरी करायची आणि तिला धार ठेवायची नाही, हे कुणाच्या बुद्धीला पटेल? ती बँकेत गेली तेवढ्यात मी कड छान पातळ करून ठेवली. दुपारी पातं लाल झालं, त्याला चुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे ते पुरेसं तापलं, मी ते सांडशीत धरून तेलात बुडवलं आणि आतून 'टिंग' असा एवढासा आवाज आला. बाहेर काढलं तर केसाएवढी चीर, कडेपासून पार मध्यापर्यंत.

मी वाट पाहत उभी राहिले. चुकलेल्या एका काजासाठी मी हाताखालच्या मुलींना रडवलेलं आहे, तेव्हा काय ऐकावं लागणार याची माझी तयारी होती.  तुमच्या मुलीने पातं पुसलं आणि कपाटामागच्या भिंतीवर एका रिकाम्या खिळ्याला टांगलं. तिथे आधीची चौदा पाती होती, वाकलेली, चिरलेली, सगळी तिची स्वतःची. मग नवी पट्टी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "चहा घेऊन सुरू करू." विहीणबाई, हे काय वागणं झालं? समोरच्याला रागवायला जागाच ठेवायची नाही, हे वळण तुम्ही मुलीला लावलंत तरी कसं? मला शेडबाहेर जाऊन डोळे पुसावे लागले. धूर गेला होता.

दुसरी सुरी झाली. मूठ जरा जाड आहे, पण कांदा चिरते.

व्याह्यांना नमस्कार सांगा.

तुमची,
विहीण

ता. क. धूर गेला होता हे खरं आहे. ती वेगळं सांगेल.

आणखी एक ता. क. गेल्या आठवड्यात तिच्या नावाचं तुमचं पाकीट आलं, ते माझ्याकडून नजरचुकीने उघडलं गेलं. (माझ्याच सुरीने. कापलंय इतकं सरळ, की चिकटवून परत ठेवलं तर तिला कळलंही नाही.) तुमच्या घरामागची खोली रिकामी झाली आहे, तिथे मोठी भट्टी बसेल, दोघांनी तिकडेच राहायला यावं, असं तुम्ही लिहिलं आहे. तिने पत्र वाचलं, पण अजून घरात त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तेव्हा विचारते, ती खोली भाड्याने नाही का देता येणार? चांगला भाडेकरू मी शोधून देते. मी तिसरी पट्टी घासायला घेतली आहे, आणि मला अजून एकटीने भट्टी पेटवता येत नाही.