सेक्रेटरीसाहेबांना साडेपाचशे

नगर, शनिवार, ता. १७ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप रंगनाथमामांच्या पायांवर डोकं ठेवून आसारामचं सांगणं, की आपलं कोल्हारहून आलेलं पत्र काल दुपारी पोचलं आणि मी ते उभ्यानंच वाचलं, कारण बसून वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपला गुडघा आता कसा आहे? मुक्तामामींचा खोकला थांबला का? विहिरीत पाणी किती हात उरलंय आणि बैलांना चारा कुठून आणता, हे आपण लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, की "सेक्रेटरीची माफी माग आणि मोकळा हो." इकडे मी आणि मालन खुशाल आहोत. मी नोकरीतून निलंबित असल्यामुळे तर थोडा जास्तच खुशाल आहे. बारा वर्षांत प्रथमच दुपारची झोप मिळते आहे.

मामा, तुम्ही माझ्या आईच्या जागी आहात, तुमचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही. (लग्नसुद्धा तुम्ही सांगितलंत त्याच मुलीशी केलं, आणि त्याबद्दल तक्रार नाही.) पण माफी मागणार नाही. का मागणार नाही ते सविस्तर लिहितो. चष्मा लावून वाचा, आणि मध्येच चिडून पत्र टाकून देऊ नका.

उंबरमाळच्या आपल्या साखर कारखान्याचं जुनं दप्तर नगरच्या कचेरीत असतं आणि ते मी सांभाळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या दिवाळीत आमचे नवे सेक्रेटरी आबासाहेब पंधरा दिवसांच्या शिबिराला मुंबईला जाऊन आले. तिथं त्यांना कोणीतरी सांगितलं, की अमेरिकेत आता एका गावच्या यंत्रावर बसून हुकूम टाइप केला की दुसऱ्या गावच्या यंत्रातली फाईल आपोआप हजर होते, तिचं नाव बदलतं, नाहीतर ती कायमची पुसली जाते. मध्ये माणूस नाही, चहा नाही, "उद्या बघू" नाही. साहेबांना हे इतकं आवडलं, की यंत्र मिळेना म्हणून त्यांनी मलाच यंत्र करायचं ठरवलं. कारखाना आणि नगर यांच्यामध्ये आपला टेलिप्रिंटर आहेच. इकडे टाइप केलं की तिकडे कागदावर उमटतं, आणि पाठवणाऱ्याच्या कागदावरही उमटतं. साहेबांनी एक नियमपत्रक काढलं. यापुढे दप्तरखान्याशी कोणी बोलायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, फक्त टेलिप्रिंटरवर हुकूम. हुकूम सहाच: 'जा' म्हणजे अमुक नंबरच्या कपाटापाशी जाऊन उभा राहा, 'यादी' म्हणजे त्यात काय आहे ते कळव, 'पाठव' म्हणजे फाईल जशीच्या तशी टाइप करून पाठव, 'ठेव', 'नाव बदल' आणि 'काढ'. 'काढ' म्हणजे बाहेर काढ असं नव्हे, तर रद्दीत काढ. मी उत्तर द्यायचं ते आकड्यात. दोनशे म्हणजे झालं. साडेपाचशे म्हणजे होत नाही, फाईल नाही किंवा परवानगी नाही. बाकी एक अक्षर बोलायचं नाही.

आता मी काही आडमुठा माणूस नाही. (मालन म्हणते, आहे. तिचं मत मी नोंदवून घेतलं आहे.) मी यंत्र झालो. पहिल्याच आठवड्यात एका पंपाच्या तक्रारीची चौतीस पानांची फाईल जशीच्या तशी पाठवली, बोटं सुजली, आणि जिथं मूळ कागदावर चहा सांडला होता तिथं 'इथे चहा सांडला आहे' असंही प्रामाणिकपणे टाइप केलं. साहेबांची अडचण अशी, की आपण मला कोणत्या कपाटापाशी उभं केलंय हे त्यांना आठवत नसे. 'जा सात' म्हणायचं, जेवायला जायचं, परत आल्यावर मी तीनपाशी आहे असं धरून हुकूम सोडायचा. एकदा त्यांनी मळीच्या टाकीचा अहवाल 'भाषण' या नावानं ठेवायला सांगितला. त्या नावाची फाईल आधीच होती, पण नियम असा की त्याच नावानं नवं ठेवलं की जुनं जातं. मी ठेवलं. दोनशे. चार दिवसांनी शाळेच्या इमारतीची कोनशिला बसवायची होती, साहेबांनी 'पाठव भाषण' म्हटलं, मी पाठवलं, आणि चेअरमननी ते न बघता हातात घेऊन माईकवर वाचलं, "बंधू-भगिनींनो, टाकी क्रमांक दोनच्या तळाला भोक पडले असून ते वेळीच न बुजवल्यास सर्व वाहून जाईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात खरं भाषण म्हणतात ते. मला त्याबद्दल ठपका आला तो मी मुकाट्यानं घेतला, कारण यंत्राला राग येत नाही.

पण मामा, इथून पुढे हसण्यासारखं काही नाही.

साखरेच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बायका असतात. एकेचाळीस जणी. कोणी सात हंगाम, कोणी नऊ. गोजरबाई म्हणून एक आहे तिचे अकरा झाले. इतके हंगाम भरले की त्यांना कायम करावं लागतं आणि त्यासाठी त्यांच्या हजेरीच्या, अंगठ्यांच्या एकेचाळीस फायली माझ्याकडे कपाट तीनमध्ये होत्या. प्रत्येकीवर लिहिलेलं: 'कायम करणेबाबत', आणि खाली त्या बाईचं नाव. पुण्याचा कामगार खात्याचा अधिकारी मार्चमध्ये त्या बघायला येणार होता. जानेवारीअखेर एके दिवशी सकाळी टेलिप्रिंटर खडखडायला लागला. 'जा तीन.' दोनशे. 'नाव बदल, कायम गोजरबाई, किरकोळ एक.' मी डिंकानं नवी चिठ्ठी चिकटवली. दोनशे. मग किरकोळ दोन, किरकोळ तीन. दुपारी चारपर्यंत एकेचाळीस नावं गेली आणि एकेचाळीस आकडे आले. मी एकदाही विचारलं नाही. डिंक संपला तेव्हा फक्त बाटली आणायला उठलो. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो, कारण तुम्ही माफीचा विषय काढलात.

गेल्या सोमवारी हुकूम आला, 'काढ किरकोळ सगळे.'

रद्दीत काढायची फाईल आधी उसवावी लागते, नाडी सोडून कागद मोकळे करावे लागतात. मी पहिली हातात घेतली. वरच्याच पानावर गोजरबाईचा अंगठा होता, अकरा हंगामांपूर्वीचा. शाई जास्त लागल्यामुळे रेघा दिसत नव्हत्या, नुसता काळा ठिपका. मी बराच वेळ तो ठिपका बघत बसलो. मग नाडी पुन्हा बांधली, टेलिप्रिंटरपाशी गेलो आणि टाइप केलं, 'साडेपाचशे.'

पलीकडून खडखड. मग, 'काढ.' साडेपाचशे. 'काढ काढ.' साडेपाचशे, साडेपाचशे. (दोनदा विचारलं तर दोनदा उत्तर द्यावं, असं मला वाटतं.) असं अकरा वेळा झालं. मग फोन वाजला. मी उचलला नाही, कारण फोनवर बोलायचं नाही हा साहेबांचाच नियम. दीड तासानं दारात जीप थांबली आणि आबासाहेब स्वतः आले.

"आसाराम, हे साडेपाचशे काय लावलंय?"

"परवानगी नाही, साहेब."

"परवानगी मी देतोय ना!"

"कामगारांचं दप्तर संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय नष्ट करता येत नाही. ठराव द्या, नाहीतर तुमच्या सहीनं लेखी द्या. लगेच काढतो."

लेखी म्हटल्याबरोबर त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथंच थांबला. "यंत्र असं विचारत नाही," ते म्हणाले.

"विचारतं, साहेब. साडेपाचशे हा आकडा तुम्हीच दिलात. मी तो आजपर्यंत वापरला नव्हता, ती माझी चूक."

साहेबांनी मला दुसऱ्या दिवसापासून निलंबित केलं. मी संध्याकाळी नेहमीसारखं कुलूप लावलं आणि किल्ली पावती घेऊन दिली. मंगळवारी सकाळी टेम्पो आला, किरकोळ एक ते किरकोळ एकेचाळीस भरून लगद्याच्या गिरणीकडे रवाना झाला, आणि नव्या माणसानं साहेबांना दोनशे कळवलं. आता तुम्ही म्हणाल, फायली गेल्या, नोकरी गेली, मग अडून कशासाठी बसलास?

बुधवारी मी एस.टी.नं उंबरमाळला गेलो. गोजरबाई गोदामाच्या ओसरीत पोत्यांच्या थप्पीपाशी बसून दाभणानं शिवत होती. मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या मीच चिकटवल्या हेही.

तिनं दाभण थांबवलं नाही. "तुमी बदललं नाव?"

"हो. मीच."

"का वो?"

"हुकूम आला होता."

"हुकूम तर मलाबी येतो," ती म्हणाली. "पन पोतं फाटकं असलं तर मी शिवत न्हाई. मुकादम लई वरडतो. वरडंना का. वर शिवून काय करायचं, खालनं साखर सांडती." मग दोरा दातानं तोडून तिनं वर पाहिलं. "तुमाला सांडलेली दिसली न्हाई व्हय?"

मामा, मला दोनशेही म्हणता येईना आणि साडेपाचशेही म्हणता येईना. मी हात जोडले. माफी मागायची होती ती मी त्या ओसरीत मागितली, एकेचाळीस जणींची, एकेकीपुढे उभं राहून. त्याला तीन तास लागले. काहींनी ऐकून घेतलं, एकीनं पाठ फिरवली, एकीनं गूळपाणी दिलं. त्यानंतर आबासाहेबांसाठी माझ्याकडे माफी शिल्लक राहिलेली नाही. येत्या गुरुवारी संचालक मंडळापुढे माझी चौकशी आहे. तिथं मला काढायचं तर काढू देत, पण ठरावानं काढावं लागेल, लेखी, सह्यांनिशी. तेवढं तरी मी त्यांना शिकवून जाणार.

मामींना नमस्कार. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधा. उत्तर रागावून लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

आपला आज्ञाधारक (यापुढे जरा कमी),
आसाराम

ता. क. – सोमवारी संध्याकाळी सहाला मालन माझा डबा न्यायला कचेरीत आली होती, आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीनं ती तुमच्याकडे एक गोधडीचं गाठोडं ठेवून गेली. मामींना सांगा, ते धुवायला काढू नये. आत गोधडी एकच आहे, वरची.

ता. क. २ – टेम्पोतून गेली ती फक्त एकेचाळीस पुठ्ठ्याची कव्हरं, आणि आत दहा वर्षांच्या टेंडर नोटिशींच्या जादा प्रती. टेलिप्रिंटरची गुंडाळी गाठोड्यातच आहे. तिच्यावर साहेबांचे सगळे हुकूम तारीख-वेळेसकट उमटलेले आहेत. म्हणून एवढंच मागणं: गुरुवारी सकाळी आठच्या गाडीनं तुम्ही गाठोडं घेऊन उंबरमाळला या आणि अकराला मंडळाच्या टेबलावर ठेवा. तुम्ही जुने सभासद, तुम्हाला दारात कोणी अडवणार नाही. बायका आवारात असतीलच.

ता. क. ३ – तुमचा गुडघा दुखत असेल किंवा मन होत नसेल तर राहू द्या, जबरदस्ती नाही. मुक्तामामी येताहेत. त्यांनी मंगळवारीच गाठोडं उघडून सगळ्या फायली मालनकडून वाचून घेतल्या आणि तिकिटाचं बघते म्हणाल्या. घरात न विचारलेले तेवढे तुम्हीच राहिला होतात, म्हणून हे पत्र.