आपोआप फुगणाऱ्या गाद्या

१३ डिसेंबर २००३, शिरूर

गेल्या वर्षी घेतलेल्या नव्या गाद्यांची खरी किंमत आज कळली. इनामगावातल्या कॉलेजच्या शिबिराचं पुढचं काम हातचं गेलं. झडप उघडली की आपोआप फुगणाऱ्या गाद्या! शिरूर-दौंडात असा माल फक्त माझ्याकडं, म्हणून मिरवत होतो.

सकाळी शिबिराच्या मॅडम तोंडावर म्हणाल्या, "आप्पा, मस्त झोप लागली." मग तंबूमागून त्यांचाच आवाज, "रात्रभर पाठीत ढेकळं रुतली!"

गडी म्हणतो, "मालक, चांगल्या आवळून ठेवल्या व्हत्या की." तेच तर! आम्हा मंडपवाल्यांची सवय. कापसाच्या गाद्यांसारख्या वर्षभर दोरीनं करकचून थप्पीखाली ठेवल्या, आतला फोम बसला. झडप उघडी टाकून पसरून ठेवायच्या असतात म्हणे. आता झडप उघडली तर हवा आत शिरल्याचं साधं सूं सुद्धा नाही. पण मॅडमनी हसून खोटं कशाला बोलावं?

पुढच्या शिबिराला दौंडच्या मंडपवाल्याच्या कापसाच्या गाद्या ठरल्यात.