क्लचमधली हवा

सोम. ८ डिसें.
रेल्वे फाटकाजवळ क्लच गेला. लिव्हर दाबली तर सरळ मुठीला जाऊन टेकली, जोर लागलाच नाही. गाडी आचका देऊन बंद. मागून तेलगावकडचे सगळे ट्रक हॉर्न मारू लागले. सौ. उतरून उभी. शाळेला उशीर.

तेवढ्यात शेटे सर. सौ.च्याच शाळेतले, गणिताचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरी स्कूटर, धुतलेली. वीज केंद्राची राख उडते त्या परळीत धुतलेली गाडी म्हणजे माणसाला दुसरं काम नाही. "बसा मॅडम." सौ. बसली. मागं वळून पाहिलं नाही. गाडी ढकलत आणली.

मंगळ. ९
मिस्त्री खाली वाकला, बराच वेळ शोधलं. "सर, हिला वायरच न्हाई की!"
"तेलावर चालतो तिचा क्लच."
"वायर असती तर आत्ता बदलून दिली असती. लातूरला न्या टेंपोत टाकून."
पुण्याच्या मेहुण्यानं जुनी झाली म्हणून दिलेली मोठी मोटरसायकल. गावात अशी दुसरी नाही, याचा दोन वर्षं अभिमान होता. आता त्याच कारणानं पंचाईत.

साडेनऊला शेट्यांचा हॉर्न. एकदाच, आखूड. सभ्य माणसाचा हॉर्न. असा हॉर्न जास्त टोचतो.

बुध. १०
पेपरला नगरपालिकेची पाण्याची बातमी दिली. उरलेला दिवस क्लच. भराभर दाबला की जरा कडक होतो, सोडून दिला की पुन्हा मऊ. म्हणजे तेलात हवा शिरली. खालचा नळीचा बोल्ट ओलसर होता, आवळला. जुनं तेल काळं. नवी बाटली आणली. निदान पक्कं, दुपारी दोनला, एकट्यानं.

संध्याकाळी सौ. येऊन म्हणते, "शेटे सर म्हणाले, हवा शिरली असेल. ती काढावी लागंल. रविवारी येतो म्हणालेत."
"मला माहीत आहे."
"मग आधी कावून नाही सांगितलं?"
दुपारपर्यंत निदान माझं होतं. संध्याकाळी त्याचं झालं.

पाठशाळेत शिकलो, दुसऱ्याच्या गुणात दोष काढणं म्हणजे असूया. तो स्वच्छ राहतो, वेळेवर येतो, यात दोष शोधतो आहे. शास्त्रीबुवांनी पैकीच्या पैकी दिले असते.

गुरु. ११
एकट्यानं करून पाहिलं. लिव्हर वर हँडलला, हवा सोडायचा स्क्रू खाली इंजिनाच्या कुशीत. दोन हात पुरत नाहीत. लिव्हर सुतळीनं बांधली, स्क्रू उघडला, तेल फसकन टाकीवर. हे तेल रंग खातं, एवढा मोठा टवका गेला.

त्यात हँडलवरच्या तेलाच्या डबीचं झाकण अंगणात उघडं ठेवलं आणि वीज केंद्राकडून वारा सुटला. तेलावर राखेची साय.

सौ.: "अहो, परळीत राहून उघडं ठेवलं? आपल्याकडं पापड तरी कुणी अंगणात घालतं का?"
घरोघरी लोणच्याला दोन फडकी, पाण्याला झाकणावर झाकण. जन्म इथला, तरी विसरलो. डोक्यात तो हॉर्न होता.

शुक्र. १२
तहसीलच्या पायरीवर आमच्या धंद्यातला एक: "वहिनी दिसल्या काल स्कूटरवर. लई हसत होत्या बघा."
पूर्ण वाक्य, नाव, ठिकाण, काळ. एरवी याच्या बातमीत यातलं काहीच नसतं.

घरी विचारलं, काय बोलता रस्त्यानं?
"काय बोलणार? वर्गातल्या पोरांचं."
हे मला सांगायची. गाडीवर, कानाशी, हेल्मेटवर टकटक करून. घरात भाजी, गॅस, मुलीचा होस्टेलचा फोन. आम्ही बोलतो ते सकाळच्या त्या रस्त्यावरच. शेट्यांनी माझी बायको नेली नाही, तो रस्ता नेला. आणि तिला त्याचं काही वाटलं का...

शनि. १३
सकाळची शाळा. हॉर्न सातला. शेटे सरांना निरोप धाडला, रविवारी येऊ नका, माझं मी बघतो. सौ.नं भांडी जरा जोरात ठेवली.

रवि. १४
गाडी ओसरीत घेतली. डबीवर ओलं फडकं. सौ. स्टुलावर, हात लिव्हरवर. मी खाली, पाना घेऊन. स्क्रूला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात.
"दाब. धरून ठेव."
स्क्रू उघडला, बुडबुडे निघाले, स्क्रू बंद.
"आता सोड."
मी बंद करायच्या आधी तिनं एकदाही सोडलं नाही. पहिल्यांदा करणारा हमखास सोडतो.
"तुला कसं माहीत?"
"मागच्या महिन्यात शेटे सरांच्या स्कूटरच्या पुढच्या ब्रेकची हवा काढताना मीच धरलेलं. शाळेच्या मैदानात."

नंतरच्या एका खेपेला स्क्रू उघडा असतानाच माझ्या तोंडून "सोड" गेलं. तिनं सोडलं. नळीतले बुडबुडे उलटे आत. तासाभराची मेहनत गेली.
"स्क्रू उघडाच होता ना?"
"हात चुकला."
इथं वहीतही तेच लिहितो.

पुन्हा पहिल्यापासून. दाब, धर, सोड. मधेमधे ती बोलत राहिली. चौथीतली एक मुलगी फळ्यावर फक्त डाव्या हातानं लिहिते, मुख्याध्यापकांना ते खपत नाही, हिचं त्यांच्याशी वाजलं. शेट्यांना हे सांगितलं होतं का, विचारणार होतो. विचारलं नाही. ऊन भिंतीवर गेलं तेव्हा लिव्हर कडक झाली. गल्लीत फेरी मारली, गिअर लोण्यासारखा पडतो.

शेट्यांचा फोन. सौ.: "हो, झालं. ह्यांनीच केलं."
ह्यांनीच. दोनदा भाजी घेतली जेवताना.

सोम. १५
मी गाडी काढून तयार. तरी पांढरी स्कूटर दारात. "म्हटलं बघावं, कसं झालंय." हेल्मेट काढून लिव्हर दाबली, मान तिरकी केली. "सर, थोडी हवा राहिलीय अजून."
"नाही."
"बारीकशी हाय. राग नका मानू."
सौ.नं दाबून पाहिली. बराच वेळ धरून ठेवली. आम्ही दोघं बाप्ये तिच्या तोंडाकडं बघत उभे. मग माझ्या मागं बसली.

रस्ताभर हेल्मेटवर टकटक नाही. शाळेच्या फाटकाशी उतरली, पदर नीट केला. "अहो, जरा मऊच लागते हो. रविवारी परत काढू. शेटे सरांनाही बोलवा, मी पोहे करते."
हो म्हणालो.

येताना सगळ्या रस्त्यानं क्लच दाबून पाहिला. कडक आहे. मला तरी कडकच लागतो. शेट्यांना फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.