वरच्या चार ओळी

रोंब्लॉन बेट, ३ सप्टेंबर १९९३

ती. पर्लिताताईस अनसेल्मोचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आपल्या कोंबड्याने शेजारच्यांच्या कोंबड्याला लोळवलं, तेव्हापासून त्याचा रुबाब बघवत नाही. जत्रेचा मांडव यंदा चर्चच्या मागे घालणार, त्यावरून फादरांशी दोन घरांचं वाजलंय. मावशी विचारते, तू अंग धरलंस की अजून तशीच काडी? सुकट छान वाळली आहे, कुणी मनिलाला निघालं की पाठवतो.

आणि एक. आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून आहे. आल्याची पेजसुद्धा दोन घासांपलीकडे जात नाही. काळजी करू नकोस. पण बोटीच्या वेळेला दाराकडे बघत असते. येत्या शुक्रवारच्या बोटीने जमलं तर ये.

लोभ उतू नये, आटूही नये.

अनसेल्मो

मनिला, ९ सप्टेंबर

चि. अनसेल्मोस अनेक आशीर्वाद.

पत्र आजच मिळालं. सगळं ठीक, हे वाचून बरं वाटलं. खरं सांगू, वरच्या चार ओळी वाचल्या आणि पत्र पर्समध्ये टाकलं. बाकीचं पुराण सवडीने वाचेन. आमच्या नव्या साहेबांनी ऑफिसात इंग्रजी वाक्प्रचारांचा तक्ताच लावलाय. पाल्हाळ बंद. 'लाँग स्टोरी शॉर्ट' म्हणायचं आणि थेट मुद्दा सांगायचा, तोही पहिल्याच ओळीत. मला ते सगळ्यांत छान जमतं म्हणे. पुढच्या आठवड्यात बढतीची मुलाखत आहे. तूही शीक रे, किती घोळ घालतोस. आईला सांग, नाताळला येते.

तुझी ताई

रोंब्लॉन, १९ सप्टेंबर

ताई,

वादळात तारा तुटल्या, म्हणून पत्र.

लाँग स्टोरी शॉर्ट. आई गुरुवारी गेली. काल माती दिली.

नाताळचं तिला सांगितलं होतं.

अनसेल्मो

मनिला, २४ सप्टेंबर

चि. अनसेल्मोस,

पर्समधलं पत्र काल खालपर्यंत वाचलं. आपल्याकडे वाईट बातमी अशीच कोंबड्या-मांडवाच्या मागून येते. बाबांचं दुखणंही आईने पत्राच्या शेवटीच कळवलं होतं. मला हे ठाऊक होतं रे, तरी मी चार ओळींवर भागवलं. शुक्रवारची बोट मला मिळाली असती.

बढती मिळाली. कुणाला सांगावंसं वाटत नाही.

उतारूंच्या बोटी अजून बंद आहेत, टपाल तेवढं जातंय. सुरू झाल्या की पहिल्या बोटीने येते. तोवर मला लिही. रागावून तीन ओळी नको लिहूस, तुझ्यासारखं लिही. तिने शेवटी काय खाल्लं, उशाशी कोण होतं, नाताळचं ऐकून ती काय म्हणाली. कोंबड्याचंही लिही. मुद्दा कुठेही येऊ दे. मी सगळं वाचेन.

लोभ माझाही आटला नव्हता, एवढं मान.

तुझी ताई