थंडी बाहेर जाता कामा नये

३ एप्रिल
कूलर आणला. बुधवार पेठेतून. जुना आहे, पण आवाज नव्याला लाजवेल. रिक्षात तो सीटवर, मी धायरीपर्यंत ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर.
शालनचे वडील हिंदुरावअण्णा गावाहून खोली बघायला येणार. त्यांची अट एकच, पोरीला उकाडा सोसत नाही, गार खोली असेल तिथंच देणार. मग झालंच की. शालनचा होकार आहेच. जत्रेत माझ्याकडे बघून हसली होती. शेजारी श्रीधर उभा होता, पण हसू माझ्याकडेच.

५ एप्रिल
गार होत नाही. श्रीधर (गाववाला, रूम पार्टनर, अडाणी) म्हणतो, कूलर खिडकीत ठेव, बाहेरची हवा घेऊ दे. बाहेरची हवा गरम असते, हे याला कोण सांगणार? मी ग्रिल-खिडक्या बसवणारा माणूस. कोथरूडला साहेब लोक एसी लावायच्या आधी खिडक्या बंद करतात. डोळ्यांनी बघितलंय. थंडी बाहेर जाता कामा नये.

८ एप्रिल
वर्कशॉपमधून पत्रा आणि मशीन आणलं. पत्रा खिडकीच्या ग्रिलवर वेल्ड केला. चारी बाजूंनी. मुंगी जाणार नाही. घरमालकीण मथुराबाई बघून म्हणाल्या, आरं, म्या खोली भाड्यानं दिलीया का तिजोरी? लग्न झाल्यावर कळेल त्यांना.

१२ एप्रिल
फरक जाणवतोय. काडेपेटी पेटत नाही, मिठाचं पाणी झालं, पापडाची रुमालासारखी घडी होते. म्हणजे थंडी मुरायला लागली. श्रीधर बाहेर ओट्यावर झोपतो. जळतोय.

१५ एप्रिल
घाम जास्तच येतो म्हणून दुकानात तक्रार केली. दुकानदार मान वर न करता म्हणाले, अहो, खिडकी उघडी ठेवा. म्हटलं, वेल्ड केलीय. तेव्हा मान वर केली. म्हणाले, मग आपण भिंत पाडा, आणि पाडताना आत राहू नका. पुण्यात गावाकडच्या पोराची प्रगती कुणाला बघवत नाही.

१९ एप्रिल
पाण्याला वास. श्रीधर म्हणतो, टाकी धू, पाणी बदल, गवत बदल. पाणी फेकलं तर इतक्या दिवसांचा गारवा फुकट. मोगऱ्याचं सेंट ओतलं. आता वास श्रीमंत झालाय.

२२ एप्रिल, सकाळ
आज अण्णा. टाकीत बर्फ, कूलर फुल, दार बंद. कमी बोलायचं ठरवलंय.

२२ एप्रिल, संध्याकाळ
अण्णा भारावले. आधी टोपी काढली, मग शर्टाची बटणं. विचारलं, अण्णा, काश्मीर वाटतंय की नाही? म्हणाले, दार उघड. म्हटलं, थंडी जाईल. म्हणाले, आरं उघड की मुडद्या! आणि आडवेच झाले. दार ओलीनं फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. श्रीधरनं बाहेरून लाथ घालून तोडलं. (भरपाई त्यानं द्यावी.) अण्णांना ओट्यावर नेऊन कॅलेंडरनं वारा घालत बसला. शुद्ध आल्यावर अण्णा म्हणाले, ह्ये पोरगं कुणाचं?
माझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. जाईपर्यंत माझ्याशी बोललेच नाहीत.

२ मे
अण्णांचा फोन आला. श्रीधरला. मला थेट विचारायला लाजत असतील. श्रीधर फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथं रेंज चांगली असते.

२६ मे
श्रीधरच्या लग्नाला गेलो नाही. कूलर एकटा सोडून कुठं जाणार? अण्णांनी घाई केली. पस्तावतील. शालन तर पस्तावत असणारच.

३ जून
वर्कशॉपच्या शेठनं धायरीतच एका खोलीला खिडकी बसवायला पाठवलं. दार शालननं उघडलं. श्रीधर कामावर. जत्रेनंतर पहिल्यांदा समोर आली, हसली. माठातलं पाणी दिलं. म्हणाली, दादा, खिडकी मोठी बसवा हं. आमचे हे सांगत होते, इथं कुणी येड्यानं खिडकीच वेल्ड केली होती, आमचे अण्णा मरता मरता वाचले. तुमच्याच लाइनीतला होता म्हणे. ओळखता का हो तुम्ही त्याला?
म्हटलं, नाही वहिनी.
खिडकी मोठी बसवली.