मटार सोलताना ऐकलेली नोटीस

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बेकरीची मॅनेजर झाले आणि पहिल्याच घासाला माती खाल्ली. जुनी भट्टी काढून विजेची आणायचं मालकीणबाईंनी ठरवलंय. कोणी दुखावू नये म्हणून मी फळ्यावर लिहिलं, की भट्टी विभागात काळानुरूप फेरबदल अपेक्षित असून सर्वांनी सहकार्य करावे. झालं! सगळ्यांना वाटलं, आपली गच्छंती. पीठ फुगलं की नाही हे मला बोट लावून ओळखायला शिकवणारे भट्टीवाले काका पंधरा तारखेपासून दुसऱ्या बेकरीत निघालेत. माझ्याकडे बघतही नाहीत.

नवी नोटीस सोबत धाडतेय. तुम्ही शून्यातून बॅगांचा कारखाना उभा केलात, एवढं सुधारून द्या. आई म्हणते, मामाला विचार, त्याला हल्ली सल्ल्याला गिऱ्हाईक नाही.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
बडबडी

७ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

आईला सांग, गिऱ्हाईक घरातच आहे. तुझी मामी ऐकते सगळं, घेत काही नाही.

नोटीस वाचली. चहा घेऊन पुन्हा वाचली. भाषेला कडक इस्त्री आहे, पण सदऱ्यात माणूस दिसेना. मी सुधारणार नाही. माझी रीत सांगतो. कारखान्यात काही लावायचं असलं की आधी मामीला वाचून दाखवतो, तेही तिचे हात कामात असताना. रिकामं बसलेलं माणूस भिडेखातर मान डोलावतं. कामातल्या माणसाला तेवढी सवड नसते. तिने ‘म्हणजे?’ विचारलं की कागद फाडायचा. एकदा तिने सारखं विचारून भंडावलं, तेव्हा उमगलं की लिहिणं अडलंच नव्हतं. काय करायचं तेच माझं ठरलं नव्हतं.

वाईट बातमी लोक पचवतात गं. अर्धवट बातमीने झोप उडते.

नोटीस आईला ऐकव. राग आला तर मामीवर काढ. लोभ मात्र माझ्यावर ठेव.

तुझा,
मामा

१६ मार्च

ती. मामांस,
सा. न.

आई मटार सोलत होती. दुसऱ्या ओळीलाच तिने विचारलं, भट्टी जाणार की भट्टीवाला? मला ठाऊकच नव्हतं! नव्या भट्टीला माणसं कमी लागतात, आणि काकांचं काय हे मालकीणबाईंना विचारायचं मी टाळत होते. तशीच उठले, त्यांच्याकडे गेले. काका नसतील तर नवी भट्टी मी चालवणार नाही, असं सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, की हे आधी बोलायला काय झालं होतं? एकालाही काढायचं नाही, असं तिथेच ठरलं.

मग फळा पुसला आणि सगळ्यांना भट्टीपाशीच सांगितलं. भट्टी जाणार, माणूस एकही जाणार नाही, पहाटेची पाळी मात्र तासभर आधी लागेल. पाळीवरून कुरकुर झाली. काकांचे हात पिठात होते. ‘म्हणजे?’ काही आलं नाही. नव्या भट्टीचं दार डावखुऱ्याला सोयीचं आहे का, एवढंच विचारलं. ते डावखुरे आहेत. पण थांबतो असं काही म्हणाले नाहीत.

काल पंधरा तारीख. पहाटे त्यांची जागा रिकामी. माझा जीव टांगणीला. उजाडल्यावर आले आणि ॲप्रन बांधता बांधता म्हणाले, तिकडे शब्द दिला होता, तो तोंडानेच परत घेऊन आलो. निरोप धाडणं बरं दिसलं नसतं.

हे पत्रही आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. तिचं म्हणणं, बाकी सगळं समजलं, पण भावाला जेवायला बोलावलंय की नाही ते कळेना.

रविवारी दोघं जेवायला या.

तुमची,
बडबडी