ताटापुढचे आभार

प्रिय ताई,

तुम्हा सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम. मी मजेत आहे. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते, तिथे छान ऊब असते, आईला सांग. बाबांचा खोकला कसा आहे? उगाच "बरा आहे" लिहू नकोस.

आईचा नियम मी मोडलेला नाही. ताटापुढे एकटीच असते, तरी दिवसातल्या एका खऱ्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानल्याशिवाय घास घेत नाही. आठवतं, दादाने तोंड वाकडं करून भाजीचे आभार मानले, तर आईने ताटच ओढून घेतलं होतं? म्हणाली, "देवाला लोणी लावतोस होय रे?"

आता यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. आधी मला रोज काहीतरी सापडायचं. खोलीत शेजारच्या खाटेवरची इस्त्रीवाली बाई घोरायची, तरी तिची सोबत होती. तिला कामावरून काढलं. इस्त्रीचं यंत्र आलंय, म्हणजे माझंही काही खरं नाही. वाफेने हातांची सालपटं निघतात.

काल ताटापुढे बसले, तर काहीच सुचेना. डोक्यावर छप्पर आहे म्हणणार होते, पण आईची नजर आठवली. जेवण निवून गेलं. शेवटी एक खरी गोष्ट सापडली. म्हटलं, "प्रभू, आत्ता आईला माझं तोंड दिसत नाही, त्याबद्दल तुझे आभार." मग जेवले.

कशाचे आभार मानले, असं आईने विचारलंच, तर उबेचे मानले म्हणून सांग.

तुझी,
धाकटी